बिनफोनचा पाव्हणा

रस्त्यावर हॉटेल दिसलं की सर्जेराव खाकरायचे. साधंसुधं नाही. जुन्या फटफटीला किक मारावी तसा घशातून "खर्रर्र" असा आवाज निघायचा आणि त्याच्या मागोमाग ठरलेलं वाक्य यायचं, "हॉटेलात कोण जेवतं? ज्याला पाव्हणं न्हाईत तो!"

बियाण्यांच्या कंपनीत त्यांची सारी नोकरी फिरतीची गेली. फुलंब्री, पैठण, गंगापूर, अंबड, सगळीकडं फटफटीवर. एवढ्या वर्षांत ढाब्याच्या खाटेवर ते एकदाही टेकले नाहीत. त्यांची रीतच निराळी. गावात शिरायचं आणि थेट पिठाच्या गिरणीपाशी गाडी लावायची. गिरणीवाल्याला साऱ्या गावाचं पीठ ठाऊक, त्यामुळं सारं गावही ठाऊक. मग गावांच्या नावांचा मारा सुरू. "इथं कोणी पिशोरची लेक दिलेली हाय का? न्हाई? मंग नायगावची? आरं, ती तं आमच्या मेव्हण्याची चुलतबहीण!" नातं लागेपर्यंत माणूस हलायचा नाही. नातं लागलं की गिरणीवाल्यालाच विचारायचे, "बाजरी बारीक दळून नेती का जाडी?" आणि उत्तरावरून भाकरी कशी असेल ते ताडून त्या घरी चपला काढायचे.

ह्या विद्येत एक नियम फार कडक होता. फोन करायचा नाही. "सांगून गेलं का पनीर करत्यात. न सांगता जावं, तंच खरी चव घावती."

त्यांची बायको द्वारकाबाई ह्यावर एवढंच म्हणायची, "चव ह्यांना घावती, धावपळ बाईला." पण ती हे भिंतीकडं तोंड करून म्हणायची, त्यामुळं आजवर फक्त भिंतीलाच ऐकू गेलं होतं.

तर त्यांच्या सुदर्शनचं लग्न झालं. नव्या जोडप्याला तुळजापूरला देवीच्या पायावर घालायचं ठरलं. संभाजीनगरातून गाडी निघाली, सुदर्शन चालवायला, शेजारी सर्जेराव, मागं द्वारकाबाई आणि नवी सून संस्कृती. संस्कृतीचं डोकं मोबाइलात. आडूळ मागं पडलं तशी ती हळूच म्हणाली, "नाना, पुढं एक ढाबा आहे. चार पॉइंट तीन दाखवतोय."

"चार पॉइंट तीन काय?"

"म्हणजे लोकांनी पाचपैकी दिलेत. जेवण चांगलं आहे म्हणून."

सर्जेरावांनी मान वळवून खर्रर्र केलं. "आन् आमच्या मालनवहिनीला किती पॉइंट हायत, बघ बरं त्यात?"

"त्या… ह्यात नसतील ना, नाना."

"न्हाईत ना? मंग टाक तो मोबाइल पर्समधी. पाचोडला सांडूदादा हाय, माझा मावसभाऊ, मालनवहिनीचा नवरा. तिथं जेवायचं. वहिनी लग्नाला बी आल्या न्हाईत, दादा एकटाच येऊन अक्षदा टाकून पळाला. म्हणलं, सून दाखवून यावं आन् जरा तक्रार बी करावी."

"फोन करू का काकांना?" सुदर्शननं विचारलं.

"गाडी बघ समोर!"

पाचोड जवळ आलं आणि नेमकं त्याच ढाब्यापाशी संस्कृतीला बाथरूमला जायचं झालं. सासू-सून उतरल्या. फोडणीचा वास गाडीच्या काचांतून आत आला. सर्जेरावांनी काच वर केली. ढाब्याचा मालक हनुमान, गळ्यात टॉवेल, तोंडात पाहुणचार, गाडीपाशी आला आणि काचेवर वाकून म्हणाला, "याऽऽ मामा! भरलं वांगं उतरवलंय आत्ताच. बाजरीची गरम भाकर. बसा की!"

काच बोटभर खाली झाली. "आम्हाला कोणी न्हाई का गड्या, रोडवर जेवायला? पाचोडात घर हाय आमचं. सांडूदादाचं."

हनुमानाचं तोंड बदललं. "सांडूभाऊचं? आज? मामा, पण वहिनीचा…"

"तू तुझ्या रश्श्यातला सोडा बघ, वहिनीचं आम्ही बघतो!" म्हणून सर्जेरावांनी काच वर केली. आत स्वतःच्याच विनोदावर खांदे हलवत राहिले. बाहेर हनुमान टॉवेलनं हात पुसत उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण काच बंद होती.

सांडूदादाचं दार अर्धं उघडं होतं. "हाय का कोणी घरात?" अशी आरोळी गेली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सांडूदादा बाहेर आले. चेहऱ्यावर आधी एक भाव आला, तो त्यांनी पटकन घालवला आणि दुसरा आणला. "याऽऽ! या या या! आसं अचानक?"

"अचानकच यावं म्हन्तो मी! वहिनी कुठं हायत? लग्नाला टांग देऊन बसल्यात जणू!"

मालनबाई दारात आल्या. पदर उजव्या खांद्यावरून चांगला घट्ट ओढून घेतलेला, जणू घरात थंडी वाजत होती. "या भावजी," त्या हसल्या. संस्कृती पाया पडायला वाकली. खालून वर बघताना पदराच्या आत तिला काहीतरी पांढरं दिसलं. तिनं वर पाहिलं. मालनबाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, गप. संस्कृती गप्प उठली.

द्वारकाबाई सवयीनं स्वयंपाकघराकडं वळली, तर मालनबाई आडव्या आल्या. "बसा बाई बाहेर. आत लई गरम होतंय." पदर तसाच घट्ट. द्वारकाबाई चक्रावली, पण बसली. सांडूदादा चपला शोधत म्हणाले, "मी जरा दही घेऊन येतो." आणि त्यांची स्कूटर गल्लीतून निघाली ती हायवेच्या बाजूला गेली.

मग मोसंब्या आल्या. त्याही मालनबाईंनी सोलून दिल्या नाहीत, टोपलीसकट पुढं सरकवल्या. सर्जेराव भिंतीला टेकून सुनेला धडे देऊ लागले. "बघ पोरी. हॉटेलात काय कळतं? इथं कान द्यायचा. भाकर थापल्याचा आवाज आला का समजायचं, आता ताट येणार."

सगळ्यांनी कान दिला. आवाज काही येईना. घड्याळ टिकटिकत होतं, गल्लीत एक शेळी ओरडली.

"वहिनीचा हात लई हलका हाय," सर्जेराव म्हणाले. "आवाजच येत न्हाई."

संस्कृतीनं मोसंबीची फोड तोंडात घातली ती चावायचं विसरली.

स्कूटर परत आली ती मागच्या दारानं. थोड्या वेळानं ताटं आली, सांडूदादाच आणत होते. भरलं वांगं, बाजरीची भाकर, ठेचा, दही. सर्जेरावांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मान डावीकडून उजवीकडं अशी नेली जशी कीर्तनात टाळ ऐकताना नेतात. "आऽहाऽहा! ह्याला म्हन्त्यात घरचं! हा मसाला पाट्यावरचा हाय, मिक्सरचा आसता तं मी आत्ता सांगितलं असतं. त्या रोडवरच्या टॉवेलवाल्याला आणून चाखवलं पायजे, म्हणावं, बघ लेका, वांगं कशाला म्हन्त्यात!"

सांडूदादांना ठसका लागला. सुदर्शननं पाणी दिलं.

"लई बोलू नका, जेवा," द्वारकाबाई म्हणाली, ह्या वेळी भिंतीकडं न बघता.

मालनबाई भाकरी घेऊन आल्या. पदर तसाच, आणि भाकर डाव्या हातात. त्या सर्जेरावांच्या ताटापाशी वाकल्या तसा सर्जेरावांनी ताटावर पंजा धरला.

"वहिनी! डाव्या हातानं?"

"घ्या हो भावजी."

"आमच्यात डाव्या हाताचं मांजर बी खात न्हाई! दिराला आसं वाढत्यात व्हय? लग्नाला आल्या न्हाईत, आन् आता डावा हात! काय राग हाय का काय आमच्यावर?" ते हसत होते, सगळ्यांकडं बघत होते, कोणीतरी हसावं म्हणून. पंजा ताटावरच. "उजव्यानं वाढा, तंच घेतो. न्हाईतर उठलो!"

मालनबाई तशाच वाकून उभ्या. भाकर डाव्या हातात, वाफ वर जातेय. कोणी हसलं नाही.

मग त्यांनी पदर सोडला. उजवा हात तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. बोटं सुजून तांबूस झालेली.

"उजवा ह्यो आसा हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "ह्यानं वाढते म्हणलं तरी वाढवत न्हाई."

सर्जेरावांचा पंजा ताटावरच राहिला. तो उचलायचा असतो हेच त्यांना सुचेना.

"मोसंबीच्या बागेत पाटात पाय घसरला तिचा," सांडूदादा खाली बघत बोलले. "लग्नाच्या आधीच. फोन केला व्हता मी तुला, सर्जेराव. तू आपला मेनू सांगत बसलास. बुंदी का बालूशाही, म्हणून. मला बोलायला मिळालंच न्हाई. आन् मांडवात तू म्हणालास, जेवून जा. वहिनी कामून आल्या न्हाईत, हे इचारलंच न्हाईस."

हे खरं होतं. सर्जेरावांना आठवलं. बालूशाहीच ठरली होती.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "वहिनी, भाकरी कमी पडू नयेत म्हणून अजून चार आणल्या. मंडळी किती हायत ते सांगायचं राहिलं ना भाऊंचं!" आणि टॉवेल गळ्यात घातलेला हनुमान फडक्यातल्या भाकरी घेऊन सरळ माजघरात आला. सर्जेरावांना बघून थबकला. त्याची नजर ताटातल्या वांग्याकडं गेली, मग परत सर्जेरावांकडं.

तो टोमणा मारू शकला असता. सर्जेराव तर वाट बघत होते, की मारावा त्यानं एक, सणसणीत, म्हणजे सुटलो. पण हनुमान एवढंच म्हणाला, "गरम हायत, मामा," आणि भाकरी ठेवून मागच्या मागं गेला.

तोंडातला घास फिरत राहिला. पाट्यावरचा मसाला. हात हलका. मांजर बी खात न्हाई. स्वतःचा एकेक शब्द सर्जेरावांना स्वतःच्याच आवाजात परत ऐकू येऊ लागला, खाकरण्यासकट. सुनेकडं बघायची हिंमत होईना.

"मंग तुम्ही दोघं रोज काय जेवता?" द्वारकाबाईनं विचारलं.

"हे करत्यात खिचडी," मालनबाई हसल्या. "आजची बी हाय की. पण नवी सून पहिल्यांदा घरी आली, तिच्यापुढं खिचडी कशी ठेवावी? तुम्ही येणार हे कळलं आसतं तं लेकीला बोलावून घेतलं आसतं."

ह्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

सर्जेराव खाली बघत म्हणाले, "ती खिचडी आणा."

"आवो भावजी, खारट झालीय. ह्यांना मिठाचा आंदाज न्हाई."

"आणा वहिनी."

सांडूदादांनी पातेलं आणलं. थंड, खाली लागलेली, आणि मीठ असं की जिभेला चरचरावं. गावोगाव फिरून घरची चव शोधणाऱ्या माणसाला ह्या घरची खरी चव आत्ता मिळाली होती. सर्जेरावांनी ताट पुढं ओढलं. शितं शितं वेचून खाल्ली. सांडूदादा म्हणाले, "राहू दे रे," तरी खाल्ली.

द्वारकाबाई पदर खोचून मोरीत गेली. एवढ्या दिवसांची कपबशांची चळत तिथं साठली होती. संस्कृतीनं भांडी विसळली. सर्जेराव ओसरीत उभे राहिले, मग बसले, मग परत उभे राहिले. जन्मभर जेवून उठल्यावर त्यांनी घरातल्या बायकांना तृप्तीचा ढेकर ऐकवला होता. आज तो आला, तर त्यांनी रुमाल तोंडाशी धरून आतल्या आत दाबला.

निघताना ओटी भरायची राहिली होती. संभाजीनगरच्या गुलमंडीवरून मागं कधीतरी आणलेला खण मालनबाईंनी कपाटातून काढला आणि द्वारकाबाईला म्हणाल्या, "तुम्हीच भरा बाई माझ्या बदल्यात." त्यांनी डावा हात द्वारकाबाईच्या हाताखाली धरला आणि दोघींनी मिळून संस्कृतीची ओटी भरली. सर्जेरावांनी तो डावा हात पाहिला आणि गाडीचं दार उघडायला वळले. कुलूप होतं. चावी सुदर्शनपाशी होती. तिथंच दाराकडं तोंड करून ते उभे राहिले, सगळे येईपर्यंत.

पुढं गेवराईत त्यांच्या मामेबहिणीचं घर होतं. गाडी गावातून गेली, एक गिरणी दिसली, दुसरी दिसली. सर्जेराव खाकरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन परत येताना पाचोड जवळ आलं. सर्जेरावांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला, नंबर शोधला. सुदर्शननं आरशातून बायकोकडं पाहिलं. नाना फोन लावत होते!

"हॅलो वहिनी? मी सर्जेराव. न्हाई, न्हाई, येत न्हाई. आज येत न्हाई, हेच सांगायला फोन केला."

पलीकडून मालनबाईंचा आवाज गाडीभर ऐकू आला. "येत न्हाई तं फोन कामून केला, भावजी?"

सर्जेरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "हात कसा हाय?" ते म्हणाले.

"आज बोटं हलायलीत जरा."

"बरं. बरं वहिनी." फोन बंद करूनही त्यांनी तो बराच वेळ कानाशीच धरला.

भूक सगळ्यांना लागली होती. ढाबा आला तेव्हा सर्जेरावच म्हणाले, "थांब हितं." ते रस्त्याकडं पाठ करून बसले, ओळखीचं कोणी जाता-येता बघू नये म्हणून. हनुमान आला, टॉवेल तोच. त्यानं "या मामा"सुद्धा म्हटलं नाही, गुपचूप ताट ठेवलं. तेच भरलं वांगं. कसं झालंय म्हणून त्यानं विचारू नये, अशी प्रार्थना सर्जेरावांनी केली, देवीपुढं बोलायचा राहून गेलेला नवस आत्ता बोलावा तशी. त्यानं विचारलं नाही.

भाकर संपत आली तसा हनुमान दुसरी घेऊन आला. पोट भरलं होतं. सर्जेरावांनी सवयीनं ताटावर पंजा धरला, आणि धरल्याबरोबर चटका बसावा तसा मागं ओढला.

हनुमानानं भाकर ताटात ठेवली. वर अजून एक ठेवली. सर्जेरावांनी मान खाली घालून दोन्ही खाल्ल्या.