जॉन स्मिथला बसलेले डोळे

डोळे बसले. म्हणजे नुसते बसले नाहीत, पहिल्याच फटक्यात बसले. मी माउस सोडला आणि खुर्ची मागे ढकलली.

असं होत नाही! का ते सांगते. मी फोटो रिटचर आहे. खांदा कॉलनीत आमचं छोटं ऑफिस आहे. जुने, फाटलेले, बुरशी लागलेले फोटो आम्ही कॉम्प्युटरवर नीट करतो. कुणाचे डोळे मिटलेले असले की दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे काढून त्याला लावायचे. ज्या फोटोतून घेतले त्याला आम्ही डोनर म्हणतो. डोनर वेगळाच माणूस असला की वाट लागते. ताणा, फिरवा, लहान करा, तरी तो बिचारा चकणाच दिसतो. इथे मी एकाचे डोळे भलत्याच माणसाला लावले आणि काहीच हलवावं लागलं नाही.

काम अमेरिकेचं होतं. एडिथ नावाच्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्या गावच्या म्युझियमसाठी जुन्या टीम फोटोंचे स्कॅन पाठवत होत्या. अमेरिकन फुटबॉलचे अगदी सुरुवातीचे प्लेयर. हा खेळ नावालाच फुटबॉल. बॉल काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं, म्हणजे आपली कबड्डीच, फक्त हाडं जास्त मोडतात. तेव्हा हेल्मेट नसायचं, म्हणून डोकं वाचवायला ही मुलं चक्क केस वाढवायची!

एका टीममध्ये आजींचे आजोबा होते, वॉल्टर. आजींनी पहिल्याच कॉलवर सांगितलेलं, "त्याचा चेहरा जेवढा स्वच्छ निघेल तेवढा काढ. तान्ही मुलगी टाकून पळून गेलेला माणूस कसा दिसतो, ते मला मरायच्या आधी बघायचंय."

ती तान्ही मुलगी म्हणजे आजींची आई. वॉल्टर शाळेत मास्तर होता. एका रविवारी 'जरा जाऊन येतो' म्हणून निघाला तो आलाच नाही. 'पळपुट्याची पोर' हे ऐकत ऐकतच ती बाई म्हातारी झाली आणि गेली.

तर, सकाळी मी वॉल्टर साफ केला. डाव्या भुवईत एक खाच, नजर किंचित खाली. दुपारी पुढचा फोटो घेतला. दुसरं गाव, दुसरी टीम. मधल्या रांगेत एकाचे डोळे मिटलेले. खाली नाव, जॉन स्मिथ. मला वाटलं, फोटो काढताना पापणी पडली असेल. सकाळचे डोळे हाताशीच होते, तेच लावले.

आणि जॉन स्मिथचा वॉल्टर झाला. मी फक्त डोळे लावले होते हो, भुवया नाही! डाव्या भुवईतली खाच त्याची स्वतःची होती.

"दादा, जरा इकडे या ना!"

दादा म्हणजे आमचे बॉस, मूळचे बेलपाड्याचे. आधी त्यांचा साधा फोटो स्टुडिओ होता. घरात कुणी गेलं आणि धड फोटोच नसला की लोक मयताचा फोटो काढून आणायचे. "डोळे उघडून द्या, हार घालायचाय." तिथूनच आमच्या ऑफिसला नियम पडला, मिटलेल्या डोळ्यांचा फोटो बाहेर जात नाही. म्हणून तर माझा हात आपोआप गेला.

दादा चहाचा ग्लास घेऊन आले, वाकून बघितलं आणि ग्लास तसाच खाली ठेवला.

"डोळे तू लावलेस?"

"हो."

"काढ बघू."

मी लावलेल्या डोळ्यांचा लेयर बंद केला. डोळे परत मिटले.

"पोरी, ह्यो जिवंत नाय."

"दादा, प्लीज! बसलाय तो. बाजूवाल्याने खांद्यावर हातपण ठेवलाय."

"अंग बसलाय. डोका आडवा हाय. केस बघ ना."

मी झूम केलं. बाकीच्यांचे वाढवलेले केस कपाळावर आणि कानांवर आलेले. याचे सरळ मागे पडलेले, उशीवर पडतात तसे. गालसुद्धा कानांकडे ओघळलेले. आणि कॉलरच्या वर, मानेवर, कातरीची बारीक कड. कुणीतरी मयताच्या फोटोतलं डोकं कापून दुसऱ्याच्या अंगावर चिकटवलं होतं आणि त्याचा परत फोटो काढला होता. भर दुपारी, बाहेर रिक्षावाले भांडतायत, आणि मी इथे मयताचे डोळे उघडून बसलेय.

"पण असं कोण करतं?"

"आमी काय करायचो? मानूस गेला तरी भिंतीवर पायजे. यांना टीममधी पायजे असल."

"मग वॉल्टरची खाच याला कशी? याचं नाव तर जॉन स्मिथ."

दादा हसले. "जॉन स्मिथ! म्हंजे आपला रमेश पाटील. अगो, आमच्या गावच्या क्रिकेटला बघितला नायस? गावचीच पोरा खेळवायची, असा नियम. मंग दुसऱ्या गावचा, पळस्प्याचा भारी बॉलर आणायचा, तो त्या दिवशी बेलपाड्याचा रमेश. कॉमेंट्रीवाला पन रमेशच बोलतो."

"आणि तो रमेश ग्राउंडवरच मेला तर?"

दादांचं हसणं थांबलं.

"तर रमेश मेला," ते म्हणाले. "पळस्प्याचा पोरगा घरी आला नाय, येवढाच."

संध्याकाळी आजींना कॉल लावला, त्यांची सकाळ होती. दादा म्हणाले, "आपन काय बोलायचा नाय. नुसता दाखव." मी दोन्ही चेहरे शेजारी ठेवले, एक उघडा, एक मिटलेला. कोण कुठल्या टीमचा, तेवढंच सांगितलं.

आजी चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या.

मग म्हणाल्या, "त्या गावात जॉन स्मिथची कबर आहे. मी बघितलीय. दगडावर 'आमचा हाफबॅक', म्हणजे बॉल घेऊन पळणारा, एवढंच कोरलंय. गाववाले अजून फुलं ठेवतात. म्हणतात, याच्या घरचं कधी कुणी आलंच नाही."

आजी म्हणाल्या, रविवार म्हणजे तेव्हा देवाचा दिवस; त्या दिवशी पैसे घेऊन खेळतो हे कळलं असतं, तर वॉल्टरची मास्तरकी गेली असती. म्हणून नाव खोटं. पुढच्या आठवड्यात आजींनी त्या गावात चौकशी केली. जॉन स्मिथ मैदानात पडला तो रविवार आणि वॉल्टर घरातून निघाला तो रविवार एकच निघाला.

आता त्या दगडावर दुसरं नावही कोरलंय. आजींनी फोटो पाठवला. खाली त्यांनी आपल्या आईचं नाव घालून घेतलंय, 'हिचे वडील' म्हणून.

म्युझियमला त्यांनी मिटलेल्या डोळ्यांचाच फोटो लावला. उघड्या डोळ्यांचा स्वतःच्या खोलीत.

मला मात्र एक गोष्ट सोडत नाही. ते अंग कोणाचं? कुणीतरी जिवंत पोरगा तिथे नीट पाठ ताठ करून बसला, आपलं डोकं कापलं जाणार हे माहीत असून. खाली त्याचं नाव नाही. आणि बाजूवाल्याने हात ठेवलाय तो त्याच्या खांद्यावर की वॉल्टरच्या, हे मला अजून ठरवता येत नाही.

आमच्या ऑफिसचा नियम बदललाय. डोळे उघडायच्या आधी केस बघायचे.