बुरुलचं मन मोकळं करण्याचा खटाटोप

टोकमोक शहरातल्या शिवणकारखान्यात बुरुलइतका सरळ टाका कुणाचा नव्हता, आणि बुरुलइतकं गप्पही कुणी नव्हतं. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की बाईचे कान लाल व्हायचे. मशीन मात्र तिचा जीव की प्राण. मशीन चालू असलं की तिला कुणी काही विचारत नसे.

तर झालं काय, मालकीण जांगिल, म्हणजे सगळ्यांची एजे, सगळ्यांची थोरली ताई, राजधानीला, बिश्केकला, कामगारांच्या मनःस्वास्थ्यावरचं शिबिर करून आली. आली ती पेटूनच.

"उद्यापासून दुपारच्या चहाला एकेकानं उठून मनातलं बोलायचं," तिनं दरडावून सांगितलं. "इथं कुणाचं मन कोंडलेलं मला चालणार नाही."

झालं. कापड कापणाऱ्या कुबातनं सासूपासून सुरुवात केली ती लहानपणी मेलेल्या बोकडापर्यंत पोचला आणि ढसाढसा रडला. चहा गार, तळलेले बोरसोक फस्त, शर्टांना बाह्यांचा पत्ता नाही. सगळे कंटाळले होते, पण उठणार कोण? एजेच डोळे पुसत "बोल रे, अजून बोल" म्हणत होती.

बुरुल आधी संडासात लपली, मग कापडाच्या ढिगाआड. शेवटी एजेनं तिला हाताला धरून आणलं आणि खाणं मांडलेल्या चादरीशी, दस्तरखानाशी बसवलं. बुरुलनं मनाशी ठरवलं, आज निभावलं नाही तर नोकरी सोडायची. गावी जाऊन मेंढ्या राखू, मेंढ्या मनातलं विचारत नाहीत. पण मशीन सुटणार या विचारानं तिला रडूच यायला लागलं.

"ऊठ गं बुरुल, लाजतेस काय? आपलीच तर माणसं," एजे म्हणाली.

बुरुल उठली. सगळे टकामका बघायला लागले. तिला काही सुचेना, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आता, खाणं आटोपल्यावर आशीर्वाद म्हणायचा, सगळ्यांनी "ओमीन" म्हणत तोंडावरून हात फिरवायचे आणि उठायचं, हे इथं रक्तातच असतं. कुबातला वाटलं, आशीर्वाद झालासुद्धा, आपलंच लक्ष नव्हतं. त्यानं घाईघाईनं तोंडावरून हात फिरवले, "ओमीन." पाठोपाठ सगळ्यांचं "ओमीन." सवयीनं एजेचेही हात फिरले. आणि ओमीन झाल्यावर बसतंय कोण? जो तो मशीनकडे पळाला. जाता जाता दोघी-तिघींनी बुरुलचा हात दाबला. "देव तुझं भलं करो गं बाई."

एजे मागून तरातरा आली.

"मला काय खुळी समजलीस? बोलायचं नव्हतं तर तसं सरळ सांगायचंस ना मला."

बुरुल मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. "एजे, तेच तर सांगता येत नाही."

एजे शेजारचं स्टूल ओढून बसली आणि संध्याकाळपर्यंत बुरुलच्या शर्टांचे धागे कापत राहिली, एक शब्द न बोलता.