मान वळायला हवी

ट्रॅक्टर चालवणाऱ्याची मान निम्मा दिवस मागेच असते. समोर बघून ओळ धरायची आणि मागे बघून माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर सांभाळायचा. लातूरजवळच्या मुरुडच्या आसपासच्या रानांत मी मिसरूड फुटल्यापासून हेच करत आलो.

त्या उन्हाळ्यात उजव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या. मग कळ सुरू झाली. एका सकाळी चहाची कपबशी हातातून निसटली आणि नंतर शर्टाची बटणंही लागेनात. बायको पुढे आली, बटणं लावली आणि म्हणाली, "चला लातूरला. आता अंगावर काढायचं न्हाई."

लातूरचे डॉक्टर वयस्कर, मोजकं बोलणारे. एमआरआय बघून त्यांनी टेबलावरचा मणक्यांचा प्लास्टिकचा नमुना हातात घेतला.

"मानेतल्या ह्या दोन मणक्यांमधली गादी सरकून हाताची नस दाबलीय. गादी काढायची आणि हे दोन मणके प्लेट-स्क्रूनं जोडून टाकायचे. कळ जाईल. पण तिथली हालचाल थांबेल. मान थोडी कमी वळेल, शेजारच्या मणक्यांवर भार वाढू शकतो."

मी हो म्हणून मोकळा झालो. ऑपरेशनच्या धास्तीनं मला दुसरं काही सुचतच नव्हतं. बायको मात्र खुर्चीतून उठली नाही.

"सायब, ह्यांचं सगळं काम मागं वळून बघायचं हाय. हलतं राहील असं काही बसवता येत न्हाई का?"

डॉक्टरांनी नमुना टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "येतं. गादीच्या जागी हलणारी कृत्रिम चकती बसवतात. पण ते काम मी करत नाही. नांदेडला एक जण करतो, माझ्याच हाताखाली शिकलाय." आमच्यासमोरच त्यांनी फोन लावला. "माझा पेशंट पाठवतोय. योग्य असेल तरच चकती बसव. उगाच नको."

दारात आलेला पेशंट असा आपल्या हातानं दुसरीकडे धाडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

नांदेडच्या तरुण डॉक्टरांनी मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले. "एकच जागा बिघडलीय, सांधे चांगले आहेत, म्हणून जमेल. पण आत काही वेगळं दिसलं तर मणके जोडावे लागतील. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. चालवून घेण्यावाचून काय होतं हातात?

शेजारच्या खाटेवर भोकरचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचे बरेच मणके झिजलेले, त्यामुळे त्यांना चकती चालणार नव्हती. त्यांचे मणके जोडूनच टाकले होते. तरी ते खुशीत होते. "मान कमी वळते, पण कळ गेली. लई दिवसांनी झोप लागून राहिली, बाबा."

ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूनं झालेलं; शुद्धीवर आलो तेव्हा घसा खरवडल्यासारखा झालेला, आवाज फुटेना. आत काय केलं ते विचारताही येईना. बायको कानाशी वाकली. "बसली चकती," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. इतके दिवस ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "आता हळूच वळवा." मी मान खिडकीकडे वळवली. जरा ताण बसला, पण वळली. हाताची कळ नव्हती.

त्या पेरणीला मी ट्रॅक्टरवर नव्हतो. चुलतभावानं स्वतःचं रान मागे ठेवून आमचं सोयाबीन पेरलं. काही बोलायला गेलो तर म्हणाला, "गप बस की."

काही महिन्यांनी नांदेडच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी थोडं थोडं काम सुरू केलं. मग पेढे घेऊन आम्ही लातूरला गेलो. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला डावीकडे, उजवीकडे मान वळवायला लावली. गळ्यावरचा बारीक व्रण निरखला. "सुरेख केलंय पोरानं," ते म्हणाले, आणि पोटच्या मुलाचा निकाल बघावा तसे हसले.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदा धरून थांबवलं. मग बायकोच वाकली, दोघांच्या वाटचं.