मोहाखाली हलायचं नाही

एवढा महागाचा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा घेऊन मी त्याला जुनी, हाताने फिरवायची लेन्स लावतो, हे कळलं की लोक माझी कीव करतात. करोत. हौसेला मोल नसतं. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेली ती दोनशे मिलिमीटरची, लांब पल्ल्याची लेन्स आधी दूरचं काही साफ दाखवतच नव्हती. कॅमेऱ्याला लेन्स जोडणारी मधली अडॅप्टर रिंग जाड होती. सपाट काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून मी ती घासली, लावून पाहिली, पुन्हा घासली. डोळ्याशी लागणारं रबर फाटलेलं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. मग एकदाची बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसली, तेव्हा गावजेवण घालावंसं वाटलं.

हाताने फोकस करायचं तर समोरच्याने हलायचं नाही. लेन्सची रिंग फिरवत गेलं की फोकस जिथे बसतो तिथल्या कडा आतल्या पडद्यावर लाल होतात, मग बटण दाबायचं. तेवढ्यात माणूस हलला की मुसळ केरात. घरात माझा हा जाच सोसणारी एकच, मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू. कॅमेरा डोळ्याला लागलेला दिसला की मी तो खाली घेईपर्यंत आहे तशी थांबायची. चुलीपुढे फुंकणी तोंडाशी धरलेली असली तरी तशीच.

लाखांदूरकडच्या आमच्या गावात मोहाची झाडं वाटलेली आहेत. कागद कुठेच नाही, पण कुणी कोणत्या झाडाखाली फुलं वेचायची हे ठरलेलं. मोठ्या मायचं झाड जंगलाला अगदी लागून. यंदा बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जनावराचे माग दिसले होते. जनावर म्हणजे वाघ. वेचायच्या दिवसांत आम्ही त्याचं नाव घेत नाही. मी तिला म्हटलं, या वर्षी शेजारणीच्या झाडाखाली वेच. ती भडकली.

"दुसऱ्याच्या झाडाखाली मी काहून जाऊ? तुले एवढं भेव वाटते तं चाल संगं. तुयाजवळ दुर्बीण आहेच."

अशी माझ्या लेन्सला राखणदारी मिळाली. फटफटलं की ती झाडाखाली वाकून वेचायची आणि मी पाळीवर उभा राहून तिच्या मागचं गवत बघायचो. वाकलेला माणूस जनावराला चार पायांचा वाटतो, म्हणून मधूनमधून उभं राहायचं असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. वेचण्याच्या नादात कुणाच्या ते लक्षात राहत नाही.

त्या सकाळी वारा नव्हता. मी सावकाश रिंग फिरवत होतो. पडद्यावर गवताच्या काड्या लाल होत होत्या, सगळ्या उभ्या, सरळ. त्यात एक रेघ गोल होती. मी श्वास धरला. ती रेघ हलली. तो कान होता.

मी मोठ्या मायच्या पाठीवर फोकस आणला, मग परत कानावर. रिंग नखभरही फिरवावी लागली नाही. इतका तो तिच्या जवळ होता.

"उठ वं माय! उभी राह्य!"

तिने मान वळवून पाहिलं. एवढ्या लांबून तिला शब्द कळले नसावेत. मी ओरडतो ते हलू नको म्हणून, एवढंच तिला माहीत. कॅमेरा माझ्या डोळ्याला होता. ती वाकलेली तशीच थांबली, हात फुलावर, मान माझ्याकडे. मी पुन्हा ओरडलो. ती आणखीच घट्ट थांबली.

कॅमेरा खाली घेतला असता तर तो कान मला दिसला नसता. नसता घेतला तर ती उठली नसती. मला त्या यंत्राची शिसारी आली. मी ते गळ्यात सोडलं आणि हात हलवत, बोंबलत पाळीवरून खाली पळत सुटलो. समोर नुसतं वाळलेलं गवत होतं आणि त्याच्या पुढे कमरेवर हात ठेवून उभी राहणारी मोठी माय.

"झाला काय फोटो? कंबर दुखून राहिली ना माही."

मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

"अरे, टोपली तं घेऊ दे!"

गवतातून काही आवाज आला नाही. दुपारी गावातली माणसं आम्हाला घेऊन डबे वाजवत गेली. झाडामागे गवत दाबून बसलेली जागा होती, टोपलीपासून एका झेपेवर. मोठ्या मायने ती जागा पाहिली, टोपली उचलली आणि घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली. मी दारात आडवा झालो.

"मी नाही गेली तं झाड दुसऱ्याचं होते," ती म्हणाली. "मंग मी काय करू?"

मी सोबत गेलो. तिची थांबायची सवय एका रात्रीत मोडणारी नव्हती, म्हणून कॅमेरा घरी ठेवला आणि काठी घेतली. ती वाकली. मी तिच्याजवळ उभा राहून गवताकडे बघत राहिलो. तिथे काहीच दिसत नव्हतं. उघड्या डोळ्यांना कालही दिसलं नव्हतं.