लालासाहेबानं निवडलेला लॅपटॉप

“बूट, बंदूक, बायको, समदं मिळालं रं, पण काय पायजे असं कुणी कवा इचारलं न्हाई.”

पलूसच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघताना लालासाहेब हे हसत म्हणाला होता. हसू तोंडावर होतं, पाय मात्र ठरत नव्हते. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या आणि बाकावरची माणसं माना फिरवून त्याच्याकडं बघत होती.

फौजेच्या सिग्नल्स दलातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो गावी आला. आमच्या बांधाला त्याचा बांध. ऊस थोरला भाऊ आप्पासो बघतो. कुठली जात लावायची, तोड कधी घ्यायची, हे आप्पा ठरवतो. लालासाहेबाला भरतीच्या रांगेत आप्पानंच उभं केलं होतं. मुलगीही आप्पानंच बघितली. सुट्टीवर आला आणि लग्न लागलं. त्यात वाईट काही झालं नाही. बायकोशी, क्रांतीशी, त्याचं पटलं, पोरगा राजवर्धन शिकून पुण्यात नोकरीला लागला. तरी निवृत्तीनंतर लालासाहेबाला घरात बसवेना. पहाटे पळून यायचा, आंघोळ करायचा, आणि पुढचा सगळा दिवस परेड संपलेल्या मैदानासारखा मोकळा पडलेला असायचा.

एकदा जेवताना त्यानं सांगितलं, की आपल्याला लॅपटॉप घ्यायचाय. आप्पानं विचारलं, कशाला. तो म्हणाला, माझ्यासाठी. मग वहिनीनं विचारलं, पुतणी साक्षीनं विचारलं. उत्तर तेच. उसाचा हिशेब, सातबारा, सोसायटी, यातलं काहीही पुढं केलं असतं तरी घराचं समाधान झालं असतं. त्यानं केलं नाही.

लॅपटॉप ही एक वस्तू आहे असं त्याला आधी वाटलं होतं. मग कळलं, की आधी घराणं निवडावं लागतं. विंडोज, मॅक, की लिनक्स. तेव्हापासून त्याचं चित्त उडालं.

राजवर्धन सुट्टीला आला तेव्हा त्यानं आपला मॅक बापाच्या मांडीवर ठेवला. लालासाहेब दुपारभर तो चाळत बसला. अक्षरं कोरल्यासारखी, झाकण अलगद मिटणारं. पोराला वाटलं, ठरलं. संध्याकाळी बाप बांधावर माझ्याकडं आला आणि म्हणाला, की देखणं आहे, सगळं जागच्या जागी आहे, पण एखादी गोष्ट इकडची तिकडं केली तर मागून कुणीतरी ओरडेल असं सारखं वाटतं. बराकीत आल्यागत झालं म्हणे.

विंडोजचं उलटं. ते पतसंस्थेतल्या क्लार्कला येत होतं, ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरला येत होतं, साक्षीला तर डोळे मिटून येत होतं. सांगलीचा दुकानदार त्याला समजावत होता, की काका, कुठं अडलात तर गावात कुणीही दाखवील. लालासाहेबाला नेमकं तेच नको होतं. जे सगळ्यांना कळतं त्यात सगळे हात घालतात. एकत्र घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकावं लागत नाही.

राहिलं लिनक्स. ते त्याला नोकरीत भेटलं होतं. वर बर्फात एका ठाण्यावर, एका तमिळ सुभेदारानं त्याला काळ्या पडद्यावर टाईप करायला शिकवलं. दोघांचीही हिंदी मोडकी, त्यामुळं बोलणं कमी आणि बोटं जास्त. चुकलं तर पडदा एका ओळीत सांगायचा, की चुकलं. रागवायचा नाही, शाबासकीही द्यायचा नाही. हे सांगताना लालासाहेबाचा चेहरा सैल व्हायचा आणि लगेच आवळायचा. कारण गावात यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. बिघडलं तर जायचं कुणाकडं? त्याला भीती वाटायची, आणि त्या भीतीपाशीच तो परत परत यायचा.

तो सांगलीला जायचा, दुकानात उभ्याउभ्या बटणं दाबून बघायचा, मोकळ्या हातानं परतायचा. एक दिवस क्रांती माझ्यासमोरच म्हणाली, “आवं, माझ्यायेळी नुसता फोटू बघून व्हय म्हणालासा. आन् ह्या डब्यासाठी यवढं दिस?”

“फोटूबी आप्पाच घिऊन आलता,” तो म्हणाला.

ती हसली, मग हसायची थांबली.

आप्पाला भावाची ही घालमेल आजारासारखी दिसत होती. विहिरीवर भेटला तेव्हा मला म्हणाला, की फौजेत सगळं आखून मिळत होतं, आता गड्याला सुचत नाही. कुणीतरी ठरवून दिल्याशिवाय हा जागेवर यायचा नाही. त्यानं या भावाला अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी लालासाहेब रस्त्यात भेटला. कितीतरी दिवसांनी तो एका जागी उभा होता. ठरलं म्हणाला. सांगलीत एक जुना, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला लॅपटॉप त्यानं बघून ठेवला होता. तो रिकामा आणायचा आणि लिनक्स स्वतः घालायचं. उद्या दसरा, उद्याच आणतो.

“बिघडला तर बिघडू दे,” तो म्हणाला. “माझ्या हातनं बिघडंल.”

दुपारी त्यांच्याकडं हत्यारांच्या पूजेला गेलो. पाटावर कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने आणि किल्ली, सगळं धुऊन मांडलेलं. मधोमध झाकण उघडलेला नवा कोरा लॅपटॉप. त्याच्यावर झेंडूची माळ, बटणांवर हळदीकुंकवाची बोटं. आदल्या दिवशी आप्पा साक्षीला घेऊन सांगलीला गेला होता. नवं हत्यार खंडेनवमीला पुजलं जावं, म्हणून ही घाई. विंडोज दुकानातच घालून घेतलं होतं. पासवर्ड कुलदैवताच्या नावाचा, घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहावा म्हणून. आणि पडद्यावर निरोपाच्या दिवशीचा लालासाहेबाचा फोटो होता. पूर्ण गणवेशात, छातीवर पदकं. खाली नाव, हवालदार लालासाहेब.

“सुटलास बग, लाला,” आप्पा म्हणाला. “लय जीव जाळलास. घे, तुझ्या हातनं नारळ फोड.”

आप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं. साक्षीनं मोबाईल वर धरला. वहिनी पदर सावरून फोटोसाठी उभी राहिली. क्रांती तेवढी नवऱ्याकडं बघत होती.

लालासाहेबानं नारळ हातात घेतला. पडद्यावरच्या त्या ताठ माणसाकडं तो बराच वेळ बघत राहिला. कुणीतरी म्हणालं, फोड की. त्यानं नारळ फोडला, पाणी पाटाभोवती फिरवलं, वाकून थोरल्याच्या पायांना हात लावला. आप्पानं त्याला उठवून पाठीवर हात ठेवला आणि तो हात तसाच राहू दिला. लालासाहेब त्या हाताखालून हळूच बाजूला झाला, आणि चपला न शोधता उंबरा ओलांडून निघून गेला.