हाताचा वास

बाजारात सुक्या बोंबलांच्या पाट्यांजवळून गेले, की मला आमचा मुलांचा वॉर्ड आठवतो. एकदा त्या वॉर्डात संसर्ग पसरत होता, आम्ही नर्सेस डबल ड्युटी करून पार गळून गेलो होतो, आणि मुलाला हात लावण्याआधी प्रत्येक आईने सॅनिटायझर चोळायचाच, असं मी बजावत फिरत होते. शिरगावकडच्या एका कोळणीच्या लहानग्याचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आईचा हात गालाजवळ आला, की तो किंचाळायचा, "आये, नको! सुई हाय तुज्या हातात!" सुई नव्हती, सुई टोचणाऱ्या आमच्या हातांना येतो तो सॅनिटायझरचा वास तेवढा होता. सकाळपासून त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. "सिस्टर, आजच्यापुरतं ह्ये नाय लावलं तर?" तिने विचारलं. "नाही," मी म्हणाले. समजावून सांगायचंही त्राण नव्हतं. ती वाद घालत बसली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले, वाकली आणि त्याच्या गालाला गाल लावला. तिच्या केसांत वाळत्या मासळीचा वास होता. तो हुंगत राहिला, हळूहळू त्याचं रडं थांबलं. मी पेला पुढे केला. तो दूध प्यायला. परवा ड्युटीवरून सरावलीला घरी आले, तर माझी मुलगी तापाने फणफणलेली. कपाळाला लावायला हात पुढे केला, तर तिने झोपेतच मान फिरवली. मी हात पाठीमागे घेतले आणि वाकले. पण माझ्या केसांनाही हॉस्पिटलचाच वास येत होता.