पोळ्याच्या दिवशी ओढलेली मोटार

नातवाच्या नव्या गाडीतल्या पेट्रोलच्या वासानं मला पस्तीस-छत्तीस सालचा सांगवीचा पोळा पुन्हा आठवला. माझ्या मोटारीचा भोंगा इंदापुरात वाजला, तर बारामतीच्या म्हशी दूध चोरायच्या. त्या गुर्मीत मी म्हातारा सर्जा बैल विकायला काढला होता. माझ्या वडिलांनी, आबांनी, पोळ्याला सर्जासारखीच मोटारीलाही झूल घातली. ती ऐन मिरवणुकीत बंद पडली.

"सर्जाला जुंपू का?" मी आबांना विचारलं.

"आज बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. तूच वढ."

वेशीपर्यंत ओढली. सर्जासाठी कालवलेलं हळद-तूप आबांनी माझ्या सोललेल्या खांद्याला चोळलं.

"दमलास व्हय? मग तुला बी बाजारात न्यायचा का?"

सर्जा आमच्याच गोठ्यात राहिला. आता मी त्याच्याएवढा म्हातारा आहे. नातवाला ही गोष्ट दर पोळ्याला मुद्दाम सांगतो.